हालाँग : आधी पाणी निवडा, बोट नंतर

हालाँगच्या क्रूझच्या जाहिरातीत एक गोष्ट हमखास असते : बाथटब. काचेच्या भिंतीला लागून पांढराशुभ्र टब, त्यात पाकळ्या, आणि काचेपलीकडे समुद्रातून सरळ वर आलेले हिरवे डोंगर. बोट ठरवताना बहुतेक जण या टबापाशीच अडकतात. कुठल्या बोटीला किती तारे, कुठल्या केबिनला बाल्कनी, गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे की नाही, यावर घरात आठवडाभर खल होतो. ती बोट नेमकी कुठल्या पाण्यात जाणार आणि रात्री कुठे नांगर टाकणार, हे विचारायचं मात्र राहून जातं. सहलीचे पैसे वसूल होतात की नाही, ते यावर ठरतं. टब हनोईच्या हॉटेलातही मिळतो.

व्हिएतनामच्या उत्तरेला, टाँकिनच्या आखातात, हनोईपासून सुमारे १६० किलोमीटरवर हा उपसागर आहे. चुनखडीची दीड हजारांहून जास्त बेटं आणि सुळके त्यात विखुरले आहेत आणि त्यातली बहुतेक निर्मनुष्य आहेत. युनेस्कोने १९९४ साली निसर्गसौंदर्यासाठी आणि २००० साली भूशास्त्रीय महत्त्वासाठी हालाँगला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०२३ मध्ये शेजारचा कात बा द्वीपसमूहही त्यात आला. शेवटच्या तारखेकडे लक्ष द्या. ‘हालाँग’ या एकाच नावाखाली जे विकलं जातं, ते प्रत्यक्षात एकमेकांना लागून असलेले तीन वेगळे जलभाग आहेत, याची ती खूण आहे.

त्याआधी वेळेचा हिशेब. ‘दोन दिवस, एक रात्र’ असं छापलेलं असलं तरी ही सहल सुमारे बावीस तासांची असते. दुपारी बारा-साडेबाराला बोटीवर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी साडेदहा-अकराला धक्क्यावर उतरायचं. त्यात दोन मोठी जेवणं, न्याहारी, झोप आणि अंघोळी वजा केल्या की उरतात आठ-नऊ तास. मग एका दिवसात जाऊन येणाऱ्या बोटी स्वस्त असताना रात्र कशाला काढायची? कारण दिवसाच्या बोटी चार-पाचच्या सुमारास परतीला लागतात. त्यानंतरची संध्याकाळ आणि पहाटे उजाडल्यापासून आठपर्यंतचे तास फक्त मुक्कामी लोकांच्या वाट्याला येतात. तुम्ही पैसे मोजता ते या तासांचे. म्हणून हे तास कुठल्या पाण्यात जाणार, हा पहिला प्रश्न.

तीन पाणी

मधला भाग म्हणजे मूळ हालाँग. सुंग सोतची प्रचंड गुहा, ती तोपचं बेट आणि त्यावरची टेकडी, लुओनची कमान ही सगळी प्रसिद्ध ठिकाणं इथेच आहेत, त्यामुळे गर्दीही इथेच. उपसागराच्या व्यवस्थापन मंडळाने मुक्कामाच्या जागा ठरवून दिल्या आहेत, म्हणून रात्री बऱ्याच बोटी एकाच परिसरात नांगर टाकतात. तुमच्या खिडकीतून डोंगराऐवजी शेजारच्या बोटीवरची पार्टी दिसण्याची शक्यता बरीच असते. तरीही आयुष्यात एकदाच जाणार असाल आणि फोटोत पाहिलेल्याच जागा पाहायच्या असतील, तर इथे जायला काही हरकत नाही. गर्दीची तयारी ठेवून जा, एवढंच.

ईशान्येकडचं पाणी बाय तू लाँगचं. इथल्या अनेक बोटी हाँगायच्या बाजूच्या धक्क्यावरून सुटतात. सुळके तेच, पण बोटी कमी आणि गुहा लहान. वुंग विएंग नावाची तरंगती वस्ती हे इथलं नेहमीचं ठिकाण. शांतता हवी असणाऱ्यांना मी आधी या भागाचं नाव सांगतो.

दक्षिणेकडे कात बा बेटाला लागून लान हा आहे. प्रशासन वेगळं : हालाँग आणि बाय तू लाँग क्वांग निन्ह प्रांतात, तर लान हा हाय फाँगच्या हद्दीत. परवाने वेगवेगळे असल्यामुळे एकच बोट तिन्ही भाग दाखवेल, अशी अपेक्षा धरू नका. लान हामध्ये बेटं जवळजवळ आहेत, पाणी अधिक आडोशाचं आहे आणि छोट्या पुळणी बऱ्याच आहेत. कायाक चालवायला माझ्या मते तिन्हींत हाच भाग उत्तम. कात बाच्या रानात सोनेरी डोक्याचं लंगूर राहतं. जगात फक्त याच बेटावर असलेल्या या प्राण्यांची संख्या शंभराच्या आत आहे. बोटीवरून ते दिसेल असं कुणी वचन देत असेल, तर त्याच्या बाकीच्या वचनांकडेही जरा संशयाने पाहा.

जाहिरातीत ‘हालाँग’ एवढंच लिहिलेलं असलं तरी खरा भाग ओळखणं सोपं आहे. कार्यक्रमपत्रिकेत सुंग सोत, ती तोप ही नावं दिसली की मधला भाग. वुंग विएंग दिसलं की बाय तू लाँग. अंधारी-उजेडी गुहा किंवा व्हिएत हाय गाव दिसलं की लान हा. पत्रिकेत नावंच नसतील आणि नुसतं ‘नयनरम्य गुहेला भेट’ असेल, तर नावं लेखी मागा. मिळाली नाहीत तर पुढची बोट बघा.

दोन रात्री घ्याव्यात का? दोन रात्रींच्या सहलीत मधल्या दिवशी तुम्हाला एका लहान बोटीत बसवून आणखी आत नेतात, आणि तेवढ्या वेळात तुमची मोठी बोट नवे प्रवासी आणायला धक्क्यावर जाऊन येते. तो मधला दिवस खरोखर निवांत असतो, दुर्गम कोपरे तेव्हाच पाहायला मिळतात. पण मधल्या भागात दोन रात्री काढण्यापेक्षा लान हा किंवा बाय तू लाँगमध्ये एक रात्र मला जास्त पटते. वाचलेल्या दिवसात हनोई किंवा निन्ह बिन्ह पाहा.

कातळ आणि भरती

सह्याद्रीच्या मुलखातून जाणाऱ्याला इथला कातळ परका वाटतो. आपला खडक लाव्हाचा, काळा, थरांवर थर बसलेला. तो पाण्याने झिजतो, पण विरघळत नाही. अजिंठा-वेरूळची लेणी माणसांना छिन्नी घेऊन कोरावी लागली. इथला चुनखडक तीसेक कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला आहे आणि किंचित आम्लधर्मी पावसाच्या पाण्यात तो हळूहळू विरघळतो. भेगा रुंद होतात, पोटात गुहा तयार होतात, छतं कोसळतात आणि शेवटी सुटे सुळके उभे राहतात. हे सगळं आधी जमिनीवर घडलं. हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी वाढली आणि काही हजार वर्षांपूर्वी ही दरीखोरी बुडाली. म्हणजे तुमची बोट एका बुडालेल्या डोंगराळ मुलखाच्या माथ्यांमधून चाललेली असते. सुळक्यांच्या पायथ्याशी नीट बघा : पाण्याच्या रेषेत खडक आत खाल्लेला दिसेल. ते समुद्राचं काम आहे आणि अजून चालू आहे.

कोकणातल्या वाचकाला इथली आणखी एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. टाँकिनच्या या किनाऱ्यावर बहुतेक दिवशी एकदाच भरती आणि एकदाच ओहोटी असते, आणि मोठ्या भरतीला पाणी तीन मीटरहून जास्त चढतं. प्रवाशाच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. बेटांच्या पोटात चारी बाजूंनी कडे असलेली तळी आहेत आणि त्यांत शिरायची वाट म्हणजे पाण्यालगतची बुटकी कमान. पाणी चढलं की कायाक कमानीखालून जात नाही, आणि आत असताना चढलं तर बाहेर पडणं अवघड होतं. बोटीवर पोहोचताच गाइडला विचारा : कायाकच्या वेळी पाणी चढतं असेल की उतरतं? उत्तर पटकन आलं तर माणूस जाणकार आहे.

कधी जायचं

ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत. हवा कोरडी, आकाश बऱ्यापैकी स्वच्छ, उकाडा कमी. आपली दिवाळीची सुट्टी या काळात पडते. मराठी कुटुंबाला इतकं सोयीचं वेळापत्रक परदेशात क्वचितच मिळतं.

जानेवारी ते मार्च हवा थंड असते. तापमान पंधरा अंशांच्या आसपास उतरतं आणि वाऱ्यात त्याहून गार वाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसचे दिवस झिमझिम पाऊस आणि धुकं. काही जणांना धुक्यातले सुळकेच आवडतात, पण पोहण्याचा आणि सूर्यास्ताचा विचार सोडून द्यावा लागतो. मुंबईकर ‘व्हिएतनाम म्हणजे उष्ण देश’ समजून टी-शर्टवर येतात आणि डेकवर ब्लँकेट गुंडाळून बसतात. जानेवारी-फेब्रुवारीत व्हिएतनामी नववर्ष, म्हणजे तेत, येतं. त्या आठवड्यात अख्खा देश प्रवासात असतो, तो टाळा. एप्रिल-मे चांगले. मेमध्ये उकडतं, पण मे महिन्यातल्या विदर्भाला घाबरत नसलेल्यांनी त्याचा बाऊ करू नये.

जुलै ते सप्टेंबर हा चक्रीवादळांचा काळ. ७ सप्टेंबर २०२४ रोजी ‘यागी’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि धक्क्याला बांधलेल्या पर्यटक बोटीही बुडाल्या. या महिन्यांत सहल होतेच, स्वस्तही पडते, पण हवामान बिघडलं की प्रशासन बोटी सोडणं थांबवतं. हा आदेश कधीकधी त्याच दिवशी सकाळी येतो. म्हणून आरक्षणाच्या वेळीच लेखी घ्या : प्रशासनाने बोट रोखली तर पूर्ण परतावा किती दिवसांत, आणि निम्म्यावरून परत आणलं तर काय? शिवाय क्रूझ सहलीच्या शेवटच्या दिवसात कोंबू नका. मध्ये ठेवली तर एक दिवस पुढे ढकलायला जागा राहते.

बोट कशी पारखायची

आता बोटीकडे येऊ. शिडं उभारलेल्या जुन्या धाटणीच्या लाकडी बोटी फोटोत देखण्या दिसतात. शिडं मात्र केवळ शोभेची, चालतात त्या डिझेलच्या इंजिनावर. अलीकडच्या बोटी बहुतेक पोलादी सांगाड्याच्या आणि मोठ्या आहेत. ‘सहा तारे’ असं लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे चला. अधिकृत श्रेणी पाचापर्यंतच असते. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा : बोट कधी बांधली, सांगाडा कशाचा, आणि एकूण केबिन किती. वीस केबिनपर्यंतच्या बोटीवर गुहेच्या तोंडाशी आणि जेवणाच्या टेबलाशी रांग कमी लागते. त्याहून मोठी बोट स्थिर आणि आरामशीर असते, ज्येष्ठांसाठी लिफ्टही मिळू शकते, पण प्रत्येक गोष्ट घोळक्याने करावी लागते.

सुरक्षिततेबद्दल बोलणं टाळून चालणार नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये ती तोपजवळ नांगर टाकून उभी असलेली एक मुक्कामी बोट पहाटे, प्रवासी झोपेत असताना बुडाली आणि बारा जण दगावले. जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वादळात दिवसाची एक पर्यटक बोट उलटली आणि पस्तीसहून जास्त माणसं गेली. हजारो फेऱ्यांत असे अपघात विरळ आहेत आणि २०११ नंतर नियमही कडक झाले. तरी काही सवयी आपल्या हातात असतात. केबिनमध्ये शिरल्यावर टब बघण्याआधी लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघा आणि एकदा घालून पाहा. मुलांच्या मापाचं वेगळं मागा. केबिनपासून उघड्या डेकपर्यंतची वाट एकदा चालून या, कारण रात्री दिवे गेले तर ती पायांना माहीत असायला हवी. लहान बोटीतून ये-जा करताना जॅकेट घाला आणि त्याचे पट्टे बांधा. नुसतं खांद्यावर टाकलेलं जॅकेट निरुपयोगी. उन्हाळ्यात दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं, तर दार लावून केबिनमध्ये बसू नका. जॅकेट घालून, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ, कर्मचारी सांगतील तिथे थांबा.

केबिनबद्दल थोडक्यात. जनरेटर बहुधा मागच्या अंगाला, खालच्या मजल्यावर असतो आणि एसीसाठी तो रात्रभर चालतो. तेव्हा केबिन पुढच्या भागातली, वरच्या मजल्यावरची मागा. आवाजाने लगेच झोपमोड होणाऱ्यांनी बाल्कनीपेक्षा यासाठी जादा पैसे द्यावेत. तीन खाटांच्या केबिन मोजक्याच असतात, म्हणून मुलांसह जाणाऱ्यांनी आधी नोंदवाव्यात. एकट्याने जाणाऱ्याला केबिनसाठी वरचा आकार भरावा लागतो.

मध्यम दर्जाच्या बोटीला माणशी साधारण १२० ते २०० डॉलर धरा, ऐषारामी बोटी २५० च्या पुढे. फार कमी भाव सांगितला तर हनोईहून नेणं-आणणं, प्रवेशशुल्क, कायाक यांतलं काय वगळलंय ते तपासा. पेयं बहुतेक वेगळी आकारतात आणि बाहेरून आणलेली दारू उघडायलाही पैसे पडतात. हनोईच्या जुन्या पेठेत गल्लोगल्ली सहली विकणारी दुकानं आहेत. तिथून घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर बोटीचं पूर्ण नाव लिहून घ्या. मिळतीजुळती नावं भरपूर आहेत आणि ‘त्याच दर्जाची दुसरी बोट’ हा इथला जुना खेळ आहे.

शाकाहाऱ्यांसाठी, सविस्तर

मराठी प्रवाशांचे सगळ्यात जास्त प्रश्न याबद्दल असतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो. व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरेतला शाकाहार जुना आहे. ‘तोई आन चाय’, म्हणजे मी शाकाहारी खातो, एवढं म्हटलं की अर्थ पोहोचतो, आणि शहरांत शाकाहारी खानावळीही सापडतात. अडचण बोटीवरच्या स्वयंपाकघराची. तिथे ‘भाजी’ म्हणजे भाजीच, पण तिच्यात चवीला ‘नुओक माम’ हा माशाचा रस किंवा ऑयस्टर सॉस पडतो. आचाऱ्याच्या लेखी त्याने भाजी मांसाहारी होत नाही. तेव्हा नुसतं ‘व्हेज’ सांगून थांबू नका. आरक्षणाच्या ईमेलमध्ये ‘माशाचा सॉस नाही, ऑयस्टर सॉस नाही, हाडांचा रस्सा नाही’ असं स्पष्ट लिहा. अंडं चालतं की नाही तेही लिहा. निघण्याच्या दोन दिवस आधी हीच यादी पुन्हा पाठवा आणि चढल्यावर जेवणाच्या व्यवस्थापकाला तिसऱ्यांदा सांगा. तीनदा सांगण्यात लाजायचं काही नाही; दुपारचं जेवण चढल्याचढल्या असतं आणि समुद्रात दुसरं हॉटेल नाही.

इतकं केल्यावर काय मिळतं? तोफू टोमॅटोच्या रसात, परतलेली मॉर्निंग ग्लोरीची पालेभाजी भरपूर लसणासकट, मशरूम, भाताचे रोल, तळलेले स्प्रिंग रोल, फळं आणि भात. पोट भरतं. तिखटाची मात्र वानवा असते. डब्यात शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणच्याची छोटी बाटली आणि दशम्या असल्या की भात रुचकर लागतो. केबिनमध्ये बहुधा किटली असते, त्यामुळे झटपट उपम्याची पाकिटंही उपयोगी पडतात. सार्वजनिक टेबलावर डबे मांडण्याआधी एकदा विचारा, बहुतेक ठिकाणी चालवून घेतात. जैन जेवणाची हमी मात्र कुठल्याही बोटीकडून सहसा मिळत नाही. काही मोठ्या बोटींवर भारतीय गटांसाठी वेगळा स्वयंपाक होतो, पण त्यासाठी बराच आधी संपर्क करावा लागतो.

मासे खाणाऱ्यांची चंगळ असते. वाफवलेल्या कोळंब्या, तिसऱ्या, खेकडे, आणि हालाँगची खासियत म्हणजे म्हाकुळ कुटून तळलेली वडी. मालवणी किंवा गोव्याच्या जिभेला हे सगळं मिळमिळीत वाटेल, कारण वाटण नावाचा प्रकारच नाही. मीठ-मिरी-लिंबाची वाटी शेजारी असते, तिच्यात बुडवून खा. त्यात मिरची चिरून टाकायला सांगितली तर ते आनंदाने देतात.

काय करायचं, काय सोडायचं

मधल्या भागात जाणार असाल तर सुंग सोत चुकवू नका. १९०१ साली फ्रेंचांनी या गुहेची नोंद केली. आतलं मोठं दालन खरोखर भव्य आहे. तिथे रंगीत दिवे लावणाऱ्यांनी काय साधलं, ते मला कळलेलं नाही. छताकडे बघा, तिथले लाटांसारखे वळसे पाण्याने घडवलेले आहेत. चढउताराच्या पायऱ्या बऱ्याच आहेत आणि त्या ओल्या असतात. ती तोपच्या टेकडीला तर चारशेच्या घरात पायऱ्या. वरून दिसणारं दृश्य पोस्टरवर असतं तसंच आहे, पण चारच्या उन्हात, गर्दीत घुसमटत चढावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर खाली पुळणीवर बसा. या बेटाचं नाव सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव यांच्यावरून आलं आहे. १९६२ साली ते हो ची मिन्ह यांच्याबरोबर इथे आले होते. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा दुसरा माणूस, आणि त्याच्या नावाने आज लोक पोहतात.

तरंगत्या कोळीवाड्यांबद्दल गैरसमज नको. कुआ वान वगैरे वस्त्यांतल्या कुटुंबांना २०१४ साली सरकारने किनाऱ्यावर घरं देऊन हलवलं. आता तिथे दिसतात ती मत्स्यशेती, मोत्यांचं दुकान आणि प्रवाशांना वल्हवून नेणारी माणसं. वल्हवणाऱ्यांत बायका पुष्कळ, आणि त्यांचा हात विलक्षण सफाईचा. कायाकचा आत्मविश्वास नसेल तर त्यांच्या बांबूच्या होडीत बसा. कमानीखालून जाताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि वर बघता येतं. उतरताना थोडी बक्षिसी द्या. मोत्यांचं दुकान मात्र माझ्या यादीतून कायमचं बाद आहे. रस्त्यातही व्हॅन अशाच एका दुकानापाशी ‘विश्रांतीसाठी’ थांबते. स्वच्छतागृह वापरा, चहा प्या आणि निघा.

कायाकला मात्र जाच. पोहता येणं सक्तीचं नसतं, जॅकेट असतं. फोन जलरोधक पिशवीत ठेवा, चष्म्याला दोरी लावा. पाणी हिरवं आणि गढूळ असल्याने तळ दिसण्याची आशा नको. उन्हाळ्यात जेलीफिश असतात, पोहण्याआधी विचारून घ्या.

रात्री जेवणानंतर बोटीच्या मागच्या टोकाला दिवा लावून म्हाकुळ पकडायचा कार्यक्रम असतो. बहुतेकांच्या गळाला काही लागत नाही. लहान मुलांना तरीही तो फार आवडतो. कराओके असलेल्या बोटी आहेत. शांतता हवी असेल तर तो किती वाजता बंद होतो ते आधी विचारा. आणि आपल्या गटाने डेकवर स्पीकर लावून अंताक्षरी सुरू करण्याआधी एक लक्षात घ्यावं, की चारी बाजूंना कडे असल्यामुळे आवाज घुमत सगळ्या बोटींपर्यंत पोहोचतो.

सकाळी साडेपाचला उठून डेकवर या. ताय चीचा वर्ग असतो, तो नाही केला तरी चालेल. न्याहारीची घंटा होईपर्यंत डेक जवळजवळ रिकामा असतो आणि दिवसाच्या बोटी यायला अजून अवकाश असतो. जिच्यासाठी मुक्काम केला ती वेळ हीच, आणि नेमकी ती बरेच जण झोपेत घालवतात. क्षितिजावर कोळशाच्या बार्जेस दिसल्या तर चकित होऊ नका. क्वांग निन्ह हा व्हिएतनामचा मोठा कोळसा-प्रांत आहे आणि खाणी इथून फार लांब नाहीत.

कचऱ्याचं वास्तवही सांगायला हवं. मत्स्यशेतीच्या थर्माकोलच्या तुकड्यांनी आणि बाटल्यांनी काही कोपरे विद्रूप झाले होते. सप्टेंबर २०१९ पासून हालाँगमधल्या पर्यटक बोटींवर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे. स्वतःची पाण्याची बाटली न्या.

ज्येष्ठ आणि लहान मुलं

आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांची मोठी काळजी असते ‘बोट लागण्याची’. इथे ती फारशी नको. शेकडो बेटांनी लाटा अडवल्यामुळे आतलं पाणी बहुतेक दिवस तळ्यासारखं असतं. लागलीच तर हनोईहून येणारी व्हॅन लागते. खरी अडचण चढउताराची आहे. मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत आणि तिथून धक्क्यावर, असं दिवसातून तीन-चारदा पाय टाकावा लागतो, तोही हलत्या पृष्ठभागावर. कर्मचारी हात देतात, पण गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी विचार करावा. अशांसाठी लान हा बरा, कारण व्हिएत हाय गावचा रस्ता सपाट आहे आणि तिथे सायकलीबरोबर बॅटरीवर चालणारी गाडीही मिळते. एखादा कार्यक्रम सोडून बोटीवर थांबायला कुणाचीच हरकत नसते. लहान मुलांना डेकच्या कठड्यापाशी एकटं सोडू नका. काही जुन्या बोटींच्या कठड्यांत फटी मोठ्या आहेत.

कागदपत्रं, पैसे, रस्ता

भारतीयांना ई-व्हिसा लागतो. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर, आणि ऑगस्ट २०२३ पासून मुदत ९० दिवसांपर्यंत. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट भरा. मराठी नावांत मधलं नाव गाळण्याची सवय विमानतळावर नडते. मूळ पासपोर्ट बोटीवर लागतो, कारण प्रवाशांची नोंद धक्क्यावर होते. तो हनोईच्या हॉटेलात ठेवून निघालात तर पंचाईत होईल.

मोठ्या बॅगा मात्र हॉटेलातच ठेवा. एका रात्रीला पाठीवरची पिशवी पुरे : पोहण्याचे कपडे, एक हलकं जाकीट, ओल्या पायरीवर न घसरणाऱ्या चपला, औषधं. हनोईहून द्रुतगती मार्गाने अडीच तास लागतात. धक्का कुठला तेही विचारा, कारण तुआन चाऊ, बाय चाय आणि हाँगाय यांत अंतर आहे आणि टॅक्सीवाला ‘हालाँग’ एवढंच ऐकून भलतीकडे सोडू शकतो. एका रुपयाला ढोबळमानाने तीनशे डोंग धरा. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर असतात. मंद उजेडात बक्षिसी देताना शून्यं मोजा. दोन लाखांच्या नोटेवर हालाँगमधलाच एक सुळका छापलेला आहे. मधल्या भागात गेलात तर गाइड तो दाखवतोच, तेव्हा एक नोट वरच्या खिशात ठेवा, सगळ्यांना तोच फोटो हवा असतो.

परतीच्या सकाळी केबिन साडेनऊच्या आसपास रिकामी करायला सांगतात, कारण दुपारचे पाहुणे येणार असतात. पेयांचं बिल आदल्या रात्रीच मागून तपासा, सकाळी काउंटरवर झुंबड असते. हनोईला पोहोचायला दोन-तीन वाजतात आणि व्हॅन जुन्या पेठेत सोडते. नोई बाय विमानतळ तिथून आणखी पाऊण-एक तासावर आहे. त्याच दिवशी उडायचं असेल तर रात्री आठनंतरचं विमान घ्या, आणि धक्क्यावरून थेट विमानतळावर सोडणारी गाडी बोटवाल्यांकडे निघण्याआधीच सांगून ठेवा. त्यासाठी बॅगा हॉटेलात न ठेवता बरोबर घ्याव्या लागतील, आणि बहुतेक बोटी त्या धक्क्यावरच्या खोलीत सांभाळतात.